उष्टा कंगवा

पार्लरचा फोन वाजला की थोरली हातातलं काम टाकून धावायची. फोन तिचा, पार्लर तिचं, दारावरची पाटीसुद्धा तिनेच उभं राहून रंगवून घेतलेली. पलीकडून कुणी "ताई आहेत का?" असं विचारलं की ती मोठ्या तोऱ्यात म्हणायची, "बोलतेय." आणि अलीकडे त्यावर हमखास उत्तर यायचं, "तुम्ही नाही हो, त्या दुसऱ्या ताई." मग थोरली चेहऱ्यावर जमेल तेवढं हसू आणायची, फोनवर हात ठेवायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून हाक मारायची, "अगं, तुझा आहे." 

त्या दुसऱ्या ताई म्हणजे तिची धाकटी जाऊ. आणि गंमत अशी की तिला पार्लरमध्ये बोलावून आणलं होतं थोरलीनेच. लग्न होऊन आलेली पोरगी दिवसभर घरात भिंतींकडे बघत बसायची. थोरलीला कीव आली. "कोर्स केलायस ना? मग घरी बसून काय करतेस? चल माझ्याबरोबर, दोन हात जास्त होतील," असं ती म्हणाली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो इतक्या प्रेमाने पाडून घेतलेला क्वचितच कुणी पाहिला असेल.

पार्लर म्हणजे त्यांच्याच घराची रस्त्याकडची खोली. थोरलीने ती नवऱ्याच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतली होती. "पाहुणे आले तर बसवायचे कुठे?" असं तो विचारायचा. "खुर्चीवर बसवीन आणि केस कापून परत पाठवीन," असं ती म्हणायची. सुरुवातीला जुन्या कपाटाचा काढलेला आरसा, एक गिरक्या न घेणारी फिरती खुर्ची, एक स्टूल आणि एक लाल टब एवढाच संसार होता. मग हळूहळू बेसिन आलं, टॉवेल ठेवायची कपाटं आली, पडद्यामागे वॅक्सिंगचा पलंग आला. दुसरी खुर्ची आली ती धाकटी आल्यावर. ती खिडकीजवळ ठेवली, कारण थोरली म्हणाली, नवीन आहे, तिला उजेड हवा.

आता उजेड सगळा तिकडेच पडत होता.

धाकटीच्या हाताला गोडी होती. हे थोरलीलासुद्धा नाकारता येत नव्हतं आणि हीच तर खरी अडचण होती. तिने आयब्रो केल्या तर बायका डोळे न मिटता गप्पा मारायच्या. तिने डोक्यावर नुसते हात फिरवले तरी माणूस पेंगायला लागायचं. वर जिभेवर साखर. कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं हिला पाठ. थोरलीचा हात कसबी होता, पण कडक. ती कापायला लागली की मान इकडची तिकडे हलवायची सोय नव्हती. बायका तिच्या खुर्चीत दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशा बसायच्या.

हातात ती हरली होती, बोलण्यात हरली होती, वयात तर हरलीच होती. पण एका गोष्टीत धाकटी तिच्या पासंगालाही पुरत नव्हती, आणि ती म्हणजे स्वच्छता. थोरलीने मनातल्या मनात वाटणीच करून टाकली होती. गोडवा तिचा, गप्पा तिच्या, गिऱ्हाइकं निम्म्याहून जास्त तिची. स्वच्छता मात्र माझी. तेवढं तरी माझं.

त्यालाही कारण होतं. थोरली शाळेत असताना तिच्या आईने तिला केस कापायला एका दुकानात नेलं. तिथल्या बाईने आधीच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यातला कंगवा झटकला आणि तसाच हिच्या डोक्यात घातला. काही दिवसांनी कानामागे खाज सुटली, मग नाण्याएवढा गोल लाल चट्टा उठला, मग तिथले केस झडले. औषध लावायचं म्हणून शेवटी आईने तिच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा करून टाकला. वर्गात तिचं नाव पडलं 'गोटी'. केस परत आले, चांगले दाट आले, पण नाव शाळा संपेपर्यंत काही गेलं नाही. स्वतःचं पार्लर काढलं तेव्हा तिने पहिल्यांदा खुर्ची घेतली नाही. पहिल्यांदा घेतला साबणाच्या पाण्याचा लाल टब.

आणि तिनेच तो शब्द काढला. उष्टा कंगवा.

एकाच्या डोक्याला लागला तो कंगवा उष्टा. एकीच्या अंगावर फिरलेली पट्टी पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडवली तर सगळा डबा उष्टा. एकीचं तोंड पुसलेला नॅपकिन उष्टा. आयब्रोचा दोरा बाकीच्या बायका दातात धरतात, थोरली तो गळ्याला अडकवून घ्यायची, कारण दातातला दोरा तर खराखुराच उष्टा. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बायका फिदीफिदी हसायच्या. मग त्यांनाही सवय झाली. पुढेपुढे तर दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन त्याच विचारायला लागल्या, "कंगवा उष्टा नाही ना?"

घरचा नियम साधा होता. वापरलेला कंगवा बेसिनखालच्या लाल टबात टाकायचा. तिथून तो साबणाने धुऊन, जंतुनाशक पाण्यात ठेवून, वाळवून मगच ट्रेमध्ये यायचा. टबात दिसला तो उष्टा, ट्रेत दिसला तो धुतलेला. यात विसरण्यासारखं काय आहे, ते देवच जाणे. पण धाकटी विसरायची. गप्पांच्या नादात हातातला कंगवा सरळ ट्रेत ठेवून द्यायची.

पहिल्यांदा विसरली तेव्हा थोरलीने गुपचूप तो उचलून टबात टाकला आणि त्याजागी धुतलेला ठेवला. नवी आहे, चारचौघांत कशाला बोला. मग ते रोजचंच झालं. धाकटीचं गिऱ्हाईक उठलं की थोरली टॉवेल न्यायच्या निमित्ताने तिकडे जायची, ट्रेमधून उष्टं उचलायची, धुतलेलं ठेवायची. एखाद्या जादूगारालाही जमलं नसतं इतक्या सफाईने. सुरुवातीला त्यात माया होती. मग सवय आली. मग सवयीत हळूहळू कडवटपणा मिसळला. माझ्या जिवावर तुझी इज्जत टिकून आहे बाई, असं थोरली मनात म्हणायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

तोही आधार धाकटीने काढून घेतला. एके दिवशी नवीन गिऱ्हाईक खिडकीजवळ बसलं होतं आणि धाकटी त्याला लाडिकपणे सांगत होती, "आमच्याकडे उष्टं काही चालत नाही हं. कंगवासुद्धा उष्टा नाही!" त्या बाई खळखळून हसल्या. "काय पण शब्द काढलायस! कसं सुचतं गं तुला?"

आणि धाकटी नुसती हसली.

थोरली पडद्यामागे वॅक्स ढवळत होती. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. गिऱ्हाइकं नेलीस, खिडकी नेलीस, आता माझा शब्दही न्यायला निघालीस? ती बाहेर आली नाही. वॅक्स ढवळत राहिली, ते करपेपर्यंत.

त्यानंतर हेडबाईही खिडकीकडे गेल्या.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. थोरलीचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक. न फिरणाऱ्या फिरत्या खुर्चीत सर्वांत आधी बसल्या त्या हेडबाई. बोलायला तिखट, पण दर महिन्याला न चुकता यायच्या, थोरलीच्याच हातून केस कापून घ्यायच्या आणि जाताना आरशात बघून एकच शब्द म्हणायच्या, "नीट." हा 'नीट' थोरलीला महिनाभर पुरायचा. हेडबाई पांढऱ्या झाल्या, विरळ झाल्या, त्यांच्या माथ्यावरची जुनी खोक आता केसांतून दिसायला लागली, हे सगळं थोरलीच्या हातांखालून गेलं होतं.

मधे थोरली तापाने पडली होती तेव्हा हेडबाईंचे केस धाकटीने कापले. पुढच्या महिन्यात हेडबाई आल्या आणि सरळ खिडकीकडे चालायला लागल्या. थोरली आपल्या खुर्चीवरचा टॉवेल झटकत उभी होती.

"बाई, इकडे," ती म्हणाली.

"असू दे गं. तुला किती कामं असतात," हेडबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी हिच्या हाताने माझा चक्क डोळा लागला. या वयात झोप मिळतेय कुठे?"

"बसा ना," थोरली म्हणाली. टॉवेल झटकलेलाच होता, तो तिने पुन्हा झटकला.

त्या दिवशी जाताना हेडबाईंनी आरशात बघितलं. "छान," त्या म्हणाल्या. छान! इतक्या वर्षांत थोरलीच्या वाट्याला 'नीट'च्या पुढे काही आलं नव्हतं. तिने झाडू घेतला आणि हेडबाईंचे पांढरे केस धाकटीच्या खुर्चीखालून गोळा केले. डोळ्यांत पाणी आलं ते तिने उडालेल्या केसांच्या नावावर खपवलं.

मग ती टोपीवाली आली.

कॉलेजातली मुलगी होती. टोपी काढायला लाजत होती. "अगदी बारीक करून टाका, फार खाज येते," ती म्हणाली आणि खिडकीजवळ बसली. धाकटी गप्पा मारत कापत होती. थोरली टॉवेल ठेवायला मागून गेली आणि मुलीच्या मानेवर, केसांच्या कडेला, तिला तो दिसला. गोल, लाल, कडेला पापुद्रे धरलेला चट्टा. तिला ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तिचा स्वतःचा हात नकळत कानामागे गेला.

असं गिऱ्हाईक आलं की काय करायचं, ते ठरलेलं होतं. बाजूला घेऊन हळूच सांगायचं की आधी डॉक्टरांना दाखव, मग ये. कंगवा, कात्री, टॉवेल सगळं वेगळं काढायचं. थोरलीने तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच ती मुलगी धाकटीला म्हणाली, "तुम्ही किती छान बोलता हो. मी इथेच येत जाईन." थोरलीने तोंड मिटलं. हिला दिसत नाही? दोन डोळे आहेत ना? कळू दे जरा.

मुलगी टोपी घालून गेली. धाकटीने खुर्ची पुसली, कात्री उचलून बेसिनवर ठेवली आणि कंगवा ठेवला ट्रेत. रोजच्यासारखा.

थोरलीचा हात सवयीने पुढे झाला. ट्रेपर्यंत गेला आणि थांबला.

आपण का म्हणून? तिच्या मनात आलं. रोज उष्टं काढायचं मी आणि नाव व्हायचं हिचं. एकदा, फक्त एकदा हिच्या हातून कुणाला तरी खाज सुटू दे. एकदा गावभर होऊ दे की खिडकीकडच्या खुर्चीत काय मिळतं. मग येतील सगळ्या परत आपल्या खुर्चीवर, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशा का होईना. कोणाला खाज सुटेल, त्या बाईला चेहरा नव्हता. थोरलीने त्या बाईला चेहरा येऊच दिला नाही. तिने हात मागे घेतला, टॉवेल गोळा केले आणि ती मागच्या मोरीत निघून गेली.

टॉवेल गरम पाण्यात टाकताना तिने बाहेरून आवाज ऐकला. "छोटे, आज जरा लवकर आले गं. दुपारी बँकेत जायचंय."

हेडबाई.

थोरली बाहेर आली ती हातातला टॉवेल ठिबकवतच. हेडबाई खिडकीजवळ बसल्या होत्या, डोळे मिटून, गळ्याभोवती पांढरं कापड. धाकटी पाण्याचा फवारा मारत होती. अजून वेळ होता. एक शब्द बोलायचा, बस्स. आणि खरं सांगायचं तर थोरली तेव्हाही बोलली नाही. त्यांनीच निवडलीय ना ती खुर्ची, असं काहीतरी तिच्या आतून वर आलं. इतकं कडू की तिला स्वतःच्याच तोंडाची चव नकोशी झाली.

धाकटीने न बघताच ट्रेकडे हात नेला. कंगवा उचलला. ओल्या पांढऱ्या केसांमधून हेडबाईंचं गुलाबी माथं दिसत होतं, आणि त्यावरची ती जुनी खोक.

"उष्टा आहे तो!"

थोरली एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबून आत बघायला लागल्या. धाकटीच्या हातून कंगवा पडला. थोरलीने तो ओल्या टॉवेलने उचलला आणि सरळ कचऱ्यात टाकला.

"आत्ताच्या मुलीच्या मानेवर चट्टा होता," ती धापा टाकत म्हणाली. "तोच कंगवा आहे हा."

हेडबाईंनी डोळे उघडले. आधी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मुलांना बाकावर उभं करताना त्या अशाच बघत असणार. "काय गं हे? लक्ष कुठे असतं तुझं?" मग त्या थोरलीकडे वळल्या. "आणि तू! आतल्या खोलीतून दिसलं तुला? घारीची नजर आहे बाई. म्हणून तर इतकी वर्षं येते मी इथे." त्या कापड सावरत उठल्या आणि गळ्याभोवतीच्या कापडासकट जाऊन थोरलीच्या खुर्चीत बसल्या. "काप. तूच काप."

थोरलीला जे जे हवं होतं ते सगळं एका फटक्यात तिच्या पदरात पडलं होतं. हेडबाई परत आल्या, धाकटीची सर्वांसमक्ष शोभा झाली, स्वच्छता कुणाची ते सिद्ध झालं. आणि तिला त्यातलं काहीच गिळता येत नव्हतं. धाकटी भिंतीशी उभी होती, चेहरा पांढराफटक.

"पण ताई," ती हळूच म्हणाली, "ट्रेमधला होता ना. ट्रेमधला उष्टा कसा असेल?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. थोरलीने कात्री उचलली. ती केस कापायला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून उजवी बाजू किंचित खाली गेली. जाताना हेडबाईंनी आरशात बघितलं, मान तिरकी केली. "नीट," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर थोरलीने वहीतला नंबर बघून टोपीवाल्या मुलीला फोन केला आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं. कात्री उकळायला ठेवली. ट्रे रिकामा करून सगळेच्या सगळे कंगवे टबात ओतले. धाकटी न सांगता शेजारी येऊन बसली आणि ब्रश घेऊन एकेक घासायला लागली. घासता घासता रडायला लागली.

"माझीच चूक आहे, ताई. मी टबात टाकायचं विसरते, मला माहितीये. आणि मी विसरले की तुम्ही बदलून ठेवता, तेही माहितीये. मी बघितलंय तुम्हाला."

थोरलीचा हात थांबला. "बघितलंयस?"

"हो ना. म्हणून तर मी ट्रेकडे कधी बघतच नाही. तुम्ही आहात म्हटल्यावर बघायचं काय? डोळे मिटून हात घालायचा." तिने बाहीला नाक पुसलं. "गिऱ्हाइकांना पण तेच सांगते मी. आमच्याकडे उष्टं काही नसतं. ताईंच्या भरवशावरच बोलते ना मी."

आता सांगावं, थोरलीला वाटलं. मला दिसला होता चट्टा. मला दिसला होता कंगवा. हात ट्रेपर्यंत नेऊन मागे घेतला मी. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिच्या तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच.

"असू दे. पुढच्या वेळेपासून बघत जा."

धाकटीने मान हलवली. पोरगी मुळातच सांगितलेलं ऐकणारी होती.

दुसऱ्या दिवशीपासून ती बघायला लागली. ट्रेमधून कंगवा उचलायची, खिडकीच्या उजेडात धरायची, दात न् दात निरखायची. मग बेसिनवर जाऊन पुन्हा धुवायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावायची. तो कंगवा सकाळी थोरलीने स्वतःच्या हाताने घासून ठेवलेला असायचा. थोरली नुसती बघायची. धुतलाय गं तो, असं सांगायला तिला आता तोंडच उरलं नव्हतं.

आणि टबात टाकायला तर धाकटी पुन्हा कधी विसरली नाही. ट्रेमधून गुपचूप उचलण्यासारखं थोरलीला काही मिळेना. टॉवेल न्यायच्या निमित्ताने ती अजूनही तिकडे जायची, ट्रेमध्ये बघायची आणि नुसता टॉवेल घेऊन परत यायची.

गिऱ्हाइकांना मात्र ही कंगवा उजेडात धरायची तऱ्हा फार भावली. "किती बाई काळजी घेते!" असं त्या एकमेकींना सांगायला लागल्या. हेडबाई दोन महिने थोरलीच्या खुर्चीत बसल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी धाकटीला कंगवा निरखताना पाहिलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "सुधारली गं ही. आज तिच्याकडे बसते. झोप तरी लागेल." थोरलीने खिडकीजवळच्या खुर्चीवरचा टॉवेल स्वतः झटकून दिला.

नंतर एकदा भर दुपारी फोन वाजला. थोरली हातातलं काम टाकून धावली.

"हॅलो, ताई आहेत का?"

"कुठल्या ताई?" थोरलीने विचारलं. आता ती आधीच विचारून घ्यायची.

पलीकडची बाई नवीन होती. जरा अडखळली. "नाव नाही माहीत हो. मैत्रिणीने सांगितलं, तुमच्याकडे एक ताई आहेत, स्वच्छतेचं फार बघतात. उष्टा कंगवा लावत नाहीत म्हणे. त्या आहेत का?"

थोरलीच्या हातांना साबणाचा वास येत होता. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती. खिडकीजवळ धाकटी कंगवा उजेडात धरून उभी होती.

"आहेत," थोरली म्हणाली. "देते हं." आणि फोनवर हात ठेवून तिने हाक मारली, "अगं, तुझा आहे."